काच, लाल चिखल आणि फवारणीचा पंप

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीनं डबकं उडवलं आणि माझ्या जीपची काच क्षणात विटकरी झाली. वॉशरचं बटण दाबलं, तर उजव्या जेटमधून केविलवाणी धार आली आणि डाव्यातून तेवढीही नाही. वायपर फिरला आणि काचेवर छान सारवण झालं. पुढचा अर्धा किलोमीटर मान बाहेर काढून चालवली.

त्यानंतर ब्लेडच्या तीन जोड्या घेतल्या. बहुतेक जण हेच करतात, कारण ब्लेड डोळ्यांना दिसतं. त्यातली एक जोडी तर हल्लीची बिनसांगाड्याची, चपटी. ती मुळातच वाकवलेली असते, गोलाईच्या काचेसाठी. माझी काच पाटासारखी सपाट. त्यामुळे टोकं दाबून पुसायची आणि नेमकं डोळ्यासमोर धुरकट राहायचं. सपाट काचेला जुनं सांगाड्याचं ब्लेडच बरं, एवढं ज्ञान पैसे मोजून मिळालं.

मग मल्टिमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, ओल्या काचेवर वायपर फिरताना मोटरच्या टोकाला ११.२. म्हणजे पावणेतीन व्होल्ट वाटेतच गळत होते. थोडे बारीक वायरीत, बरेचसे जुन्या स्विचमध्ये आणि उरलेले अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून परत जातो त्या जोडात. अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता, खाली गंज. तिथला पत्रा घासून चकचकीत केला, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर ओढली, फ्यूज टाकला आणि मोटरचा करंट रिलेवरून घेतला. रिले म्हणजे थोड्याशा करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्विचला आता फक्त रिले उचलायचं काम.

इथे एक माती खाल्ली, ती सांगतो. रिलेच्या पिनांना नंबर असतात: रिले उचलली की ३० ही ८७ ला जोडली जाते, सोडली की ८७ए ला. यातली ८७ए मी रिकामी सोडली होती. परिणाम असा की बटण बंद केलं की वायपर जिथे असेल तिथेच उभा, तोही बहुतेक वेळा नाकासमोर. वायपर खाली जाऊन निजतो तो मोटरच्या आतल्या पार्किंग स्विचमुळे. बटण बंद झाल्यावरही तो मोटरला पुरवठा देत राहतो आणि पातं जागेवर आलं की तोडतो. म्हणून ८७ वर बॅटरीचा पुरवठा, ३० वर मोटरची स्लो वायर आणि ८७ए वर पार्किंगची वायर, अशी जोडणी केली. आता मोटरवर १३.३ व्होल्ट मिळतात. फास्ट स्पीडला वेगळी रिले लागेल, ती वायर सध्या सोडवून टेप मारून ठेवलीय. पण पूर्वीच्या फास्टइतका आता स्लोच पळतो.

खरी गंमत पाण्याची. चिखलावर कोरडा वायपर फिरवणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारणं. आधी पाणी, तेही भरपूर, मग वायपर. मूळचा पंप इवलासा, बाटली दीड लिटरची. शिवाय नळीतलं पाणी परत बाटलीत उतरायचं, त्यामुळे बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद नुसती घरघर.

गावाकडे पाठीवरचे बॅटरीचे फवारणी पंप बघताना डोक्यात दिवा लागला. त्यांची बॅटरी १२ व्होल्टची आणि आत रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा छोटा पंप. त्यालाच झडपा असतात, त्यामुळे पाणी मागे उतरत नाही. कृषी सेवा केंद्रात सुटा पंप मागितला. दुकानदार म्हणाला, “कोणत्या पिकाला मारायचंय, काका?” म्हटलं, “काचेला.” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन नोझल जास्तीची काढून दिली. पंप मात्र नवाच घ्या. जुन्यात तणनाशकाचा अंश राहतो, आणि बिनदाराच्या जीपमध्ये तो तुषार सरळ तोंडावर येतो.

पहिल्या चाचणीत नळी दोन नोझलकडे फाटा फुटतो त्या टी-जॉइंटवरून सुटली आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगला अंघोळ घातली. पंपाचा जोर बराच, वॉशरची नळी त्या मानानं नाजूक. आता जाड नळी आणि प्रत्येक जोडाला क्लॅम्प. काच बॉनेटवर आडवी होते, पण नोझल बॉनेटच्या मागच्या कडेला बसवल्यामुळे नळी बिजागरीवरून न्यावी लागली नाही.

गोल फवाऱ्याचं नोझल फसलं. उभ्या गाडीत झकास, चाळीसच्या वेगाला निम्मं पाणी वाऱ्यावर. पंख्यासारखी चपटी धार देणारं लावलं, तेव्हा काम झालं. बाटलीऐवजी आता पाच लिटरचा कॅन आहे, बटण सलग दाबून धरलं तर तो दोन मिनिटांत संपतो. म्हणजे तीन सेकंदांच्या दाबाला सव्वाशे मिली, आणि असे चाळीस दाब. दिवसभराच्या ट्रेलला पुरून उरतात.

पाण्याबद्दल: आमच्या बोअरच्या पाण्यानं नोझलच्या तोंडाशी पांढरा थर धरला. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर सुटला. सुई खुपसू नका, भोक मोठं झालं की धार वाकडी जाते. आता एसीतून ठिबकणारं पाणी साठवतो आणि पाच लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे मोजून चार थेंब घालतो. जास्त घातलं की फेस होतो आणि वाळल्यावर उन्हात काच चमकते. ट्रकवाल्यांचा तंबाखू चोळायचा उपायही करून पाहिला. पावसात खरंच फरक पडतो, पण चिखलापुढे त्याची डाळ शिजत नाही.

परवा पुतण्यानं परसातल्या लाल मातीचा काला करून बादलीनं काचेवर फेकला. जरा जास्तच उत्साहानं. दोन दाब आणि चार फेऱ्यांत माझी बाजू स्वच्छ. डावा वायपर मात्र वर जाताना गप्प आणि खाली येताना थडथडतो, म्हणजे आर्मला पीळ बसलाय, रबर काचेला काटकोनात टेकत नाही. येत्या रविवारी दोन पकडी लावून तो किंचित उलटा पिळायचाय. फास्टची रिलेही त्याच दिवशी, वहिनीनं परसातल्या चिखलाचा हिशोब मागितला नाही तर.