प्रिंटर चालू असून 'ऑफलाइन' का दाखवतो, शेवटी कळलं

आमचा वायफाय प्रिंटर मधूनच 'ऑफलाइन' दाखवायचा, म्हणजे चालू आहे, वायफायचा दिवा लागलेला आहे आणि प्रिंट मात्र निघत नाही. प्रिंटर काढून टाका आणि परत ॲड करा हा उपाय सगळेच सांगतात, तो चालतोही, पण काही दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून म्हटलं एकदा नीट समजूनच घेऊ.

तर वायफायवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर थेट एकमेकांना जोडलेले नसतात, दोघंही राउटरला जोडलेले असतात आणि राउटर प्रत्येकाला एक आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो. प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घेतलं, त्यावर 192.168.1.23 होतं. कॉम्प्युटरचा निघाला 192.168.1.7, सबनेट मास्क (पत्त्यातला कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) 255.255.255.0, म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि ते सारखे, दोघं एकाच नेटवर्कवर, इथपर्यंत सगळं ठीक. (प्रिंटरचा नंबर 169.254 ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून ॲड्रेस मिळालेलाच नाही, मग आधी वायफायच बघा.)

मग विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधला पोर्ट्स टॅब उघडला आणि तिथे सापडलं, पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रिंट जिथे पाठवतो तिथे, 192.168.1.15 लिहिलेलं! त्या नंबरला पिंग केलं, म्हणजे तिथे कुणी आहे का ते विचारलं, तर उत्तर पण येतंय, राउटरच्या यादीत बघितलं तर तो आता एका मोबाइलकडे. राउटर नंबर कायमचा देत नाही ना, ठराविक मुदतीसाठी देतो, प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसतो.

उपाय सोपा आहे. राउटरच्या डीएचसीपी (आयपी ॲड्रेस वाटण्याच्या) सेटिंगमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससाठी, म्हणजे त्या यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी, 192.168.1.23 हा नंबर राखून ठेवला आणि कॉम्प्युटरवर त्याच नंबरचा टीसीपी/आयपी पोर्ट (नेटवर्कवरून आयपी ॲड्रेसवर प्रिंट पाठवणारा) बनवून प्रिंटरला दिला. तेव्हापासून एकदाही ऑफलाइन नाही.

एक मात्र बघा, लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर हे सगळं करूनही प्रिंटर बहुतेक दिसणार नाही, कारण गेस्टवाल्यांना आतल्या नेटवर्कपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. प्रिंटर वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर आणि लॅपटॉप 5 वर असला तर मात्र सहसा काही बिघडत नाही, राउटर एकच असला की झालं.