कोस्टा रिकातली नोंदवही: सहापैकी चार झाले

इथे बघायच्या माझ्या यादीत सहा प्राणी आहेत: दोन स्लॉथ (झाडावर लटकणारे, संथ), दोन आर्माडिलो (अंगावर कवच असलेले), दोन मुंगीखाऊ. सातवा, महाकाय मुंगीखाऊ, या देशातून बहुधा नाहीसाच झालाय, म्हणून तो धरलेला नाही. मागच्या नोंदीपर्यंत तीन झाले होते. गेल्या आठवड्यात कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात, सिरेना ठाण्याजवळच्या वाटेवर चौथा भेटला. तामांडुआ, दोनपैकी मोठा मुंगीखाऊ!

आधी आवाज आला, वाळकं लाकूड सोलल्यासारखा. मी वर बघत होतो, आणि तो जेमतेम डोक्याइतक्या उंचीवर, वाळवीच्या घरट्याला बिलगून बसलेला. फिकट पिवळट अंगावर काळी बंडी घातल्यासारखी. शेपटीचा विळखा फांदीला, पुढच्या पायाचं मोठं नख घरट्यात. कवच फोडलं, जीभ आत-बाहेर झाली, आणि थोड्याच वेळात पुढे निघाला. वाळवीचे सैनिक चिकट, झोंबणारा द्राव फवारतात, त्यामुळे एका जागी फार रेंगाळणं त्याला परवडत नाही. मग खाली उतरून चालला, तेव्हा नखं आत मुडपून, पंजाच्या बाहेरच्या कडेवर. हे मी फक्त वाचलं होतं. वहीत त्या पंजाचीच तीन रेखाटनं झाली.

दात नाहीत, लांब जीभ, खोदायची नखं: मला सारखं आपलं कोकणातलं खवले मांजर आठवत होतं. दोघांचं नातं मात्र काहीच नाही. मुंग्या-वाळवी खाता खाता दोघे वेगवेगळ्या वाटांनी तिथेच पोचलेत.

स्लॉथबद्दल, नवीन मंडळींसाठी. एक दोनबोटी, दुसरा तीनबोटी; पण बोटं मोजायची ती पुढच्या पायांची. मागच्या पायांना दोघांनाही तीनच असतात. काउइता राष्ट्रीय उद्यानात दोघेही दिसले. दिवसाउजेडी ग्वारुमोच्या झाडाच्या विरळ पानांत, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला दिसला तर तो तीनबोटी. त्याची मान बघत राहा. आपल्याला काय, जिराफालाही मानेत सात मणके, याला आठ-नऊ; म्हणून धड न हलवता तो पार मागे वळून बघतो. पावसात भिजला की केसांतल्या शेवाळामुळे हिरवट दिसतो. २०२१ मध्ये इथल्या सरकारने दोन्ही स्लॉथना राष्ट्रीय प्रतीक केलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

नऊपट्टी आर्माडिलो ला सेल्व्हा या संशोधन केंद्राच्या जंगलात रात्री मिळाला होता. पाचोळ्यात इतका खुडबुडतो की कानांनीच शोधावा. दरवेळी एकाच बीजांडातून चार सारखी पिल्लं होतात, याचं नवल मला अजून ओसरत नाही.

राहिले दोन. नागड्या शेपटीचा आर्माडिलो जमिनीखालीच जास्त असतो, त्याची घाई नाही. जीव अडकलाय तो रेशमी मुंगीखाऊत. खारीएवढा, सोनेरी, दिवसा वेलींत गोळा होऊन झोपणारा. केपोसजवळ दामासच्या खारफुटीसाठी पुढच्या महिन्यात दोन सकाळी बोट सांगून ठेवली आहे. फांदीवरचा प्रत्येक पिवळा गोळा दुर्बिणीतून बघणार.