तुम्ही विचारलंत म्हणून: सोमवारचा फोन

पदवीदान जवळ आलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात: सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, सुटल्यावर तिथली माणसं धरून कशी ठेवायची? माझ्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं तेच जरा वेगळ्या सुरात विचारतात. "पास्टर मॅडम, तुमचा तो सोमवारचा फोन अजून चालू आहे? एवढं काय बोलता हो दर आठवड्याला?" दोघांनाही मी आजवर हसून टाळलं आहे. खरं उत्तर द्यायचं तर एका दफनविधीपासून सुरुवात करावी लागते, आणि ती गोष्ट सांगताना अजूनही माझा घसा कोरडा पडतो.

पाळक म्हणून दीक्षाविधी होऊन चार महिने झाले होते. पहिलीच मंडळी. एक वयस्कर गृहस्थ वारले होते. कबरीपाशी "मातीला माती, राखेला राख" म्हणत मी मूठभर माती टाकली आणि नाव घेतलं ते त्यांच्या धाकट्या भावाचं. तो भाऊ समोरच उभा होता, जिवंत. हातातल्या कागदावर नाव बरोबर लिहिलेलं होतं. मी कागदाकडे न बघता बोलले, एवढंच. त्यांच्या पत्नीनं मिटलेले डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मुलानं खालच्या आवाजात वडिलांचं नाव सांगितलं. मी दुरुस्ती केली, पुढची प्रार्थना म्हटली, विधी पुरा झाला. नंतर कुणी एका शब्दानं बोललं नाही. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री फोन हातात घेऊन बसले. कुणाला करायचा? बिशपना करावा तर ते वरिष्ठ. मंडळीतल्या वडीलजनांना करावा तर मी त्यांची पाळक. माझं रडगाणं त्यांनी का ऐकावं? आईला केला असता तर ती म्हणाली असती, "होतं गं असं." नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. कारण ते 'होतं असं' नव्हतं, ते मी केलं होतं. शेवटी सेमिनरीत हिब्रूच्या तासाला शेजारी बसणाऱ्या मित्राला लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. होतं असं म्हणाला नाही, हसलाही नाही. थोडा वेळ थांबून म्हणाला, "क्षमेचं वचन ऐकायचंय का तुला?" मी हो म्हटलं. आणि दर रविवारी मी ज्या शब्दांत लोकांना पापक्षमा जाहीर करते, तेच शब्द त्यानं फोनवर माझं नाव घेऊन म्हटले. नाव बरोबर घेतलं.

लुथरन उपासनेची सुरुवात बहुतेक वेळा पापकबुलीनं होते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. लोक कबुली देतात, पाळक क्षमा जाहीर करतो. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर, त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत तर स्पष्टच लिहिलंय की कबुलीचे भाग दोन: एक, पाप कबूल करणं आणि दुसरा, पाळकाच्या तोंडून आलेली क्षमा जणू देवाकडूनच आली अशी स्वीकारणं. छान. पण पाळकाला हे कुणी म्हणायचं? शिकत असताना हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण तेव्हा चॅपलमधली उपासना रोजची होती आणि आळीपाळीनं सगळेच सगळ्यांना म्हणत होतो. खुद्द लुथरला बुगेनहागेन होता, विटेनबर्गच्या गावचर्चचा पाळक. लुथर कबुलीसाठी त्याच्याकडे जायचा. ज्यानं अख्ख्या युरोपला क्षमेबद्दल वाद घालायला लावलं, त्यालाही ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागायची.

श्मालकाल्डचे लेख, म्हणजे आपल्या श्रद्धेची मुद्देवार मांडणी, लुथरनं १५३६ च्या अखेरीस लिहिली. १५३७ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर चर्चा व्हायची होती तेव्हा हा गडी मुतखड्यानं बेजार होऊन अंथरुणाला खिळला होता. (इतिहासाच्या सरांनी हे इतक्या रंगवून सांगितलं होतं की परीक्षेत लेखांपेक्षा मुतखड्यावर जास्त लिहिणारे आमच्यात निघाले.) त्या लेखांत शुभवर्तमानाबद्दल एक इवलासा परिच्छेद आहे. देव कृपेच्या बाबतीत हात आखडत नाही, ती एकाच वाटेनं देत नाही, असं म्हणून लुथर वाटा मोजतो: उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, क्षमा करण्याचा अधिकार. आणि त्यांच्याच ओळीत, बंधुजनांचं आपसातलं संभाषण आणि सांत्वन. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या 'दोघे किंवा तिघे'चा दाखला देऊन. शिकताना मी त्या ओळीवरून सरळ पुढे गेले होते; 'बंधुजन' वाचून थोडी नाराजही झाले होते, कारण आमच्या बॅचमध्ये आम्ही तिघी होतो. त्या दफनविधीनंतर ती ओळ पुन्हा काढून वाचली. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांच्या रांगेत त्यानं गप्पा बसवल्यात! सोमवारचा फोन, म्हणजे सेमिनरीतल्या आम्हा काही सोबत्यांचं एकाच वेळी फोनवर जमणं, तिथून सुरू झाला. मैत्री टिकवायची म्हणून आम्ही तो सुरू केला नव्हता.

फोन सुरू कसा झाला हे सांगितलं, आता तो चालतो कसा ते. आम्ही सातही जण रविवारच्या ठरलेल्या उताऱ्यांच्या तीन वर्षांच्या पाठचक्रावर चालतो: शुभवर्तमानांपैकी पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहान मधेमधे. म्हणजे येत्या रविवारी सात ठिकाणच्या सात व्यासपीठांवर एकच उतारा असणार. सोमवारी रात्री साडेनऊला आम्ही तो मोठ्यानं वाचतो, एकानं एक वचन असा. मग पहिली दहा मिनिटं फक्त एवढंच: यात मला कळलं नाही ते काय. उपदेश कसा करणार हे त्या दिवशी सांगायचं नाही. हा नियम कुणी घातला आठवत नाही, पण शहाण्यानं घातला. उपदेशावर बोलायला लागलं की प्रत्येक जण आपला मुद्दा चमकवायला लागतो. न कळलेल्यावर बोललं की माणसं खरी बोलतात. उतारा संपला की ज्याला काही सांगायचं असेल तो थांबतो, बाकीचे फोन ठेवतात. कोण थांबलं, कुणासाठी थांबलं, याची चौकशी नाही.

तुम्ही म्हणाल, यासाठी सेमिनरीचेच लोक कशाला हवेत? मंडळीत मित्र नाहीत का? आहेत की. पण आमच्याकडे एक शिस्त असते, आणि बहुतेक लुथरन चर्चमध्ये ती कमीअधिक प्रमाणात पाळतात: बदली झाली की जुन्या मंडळीतल्या लग्नाला, बाप्तिस्म्याला, दफनाला विधी करायला परत जायचं नाही. नव्या पाळकाच्या पायात पाय घालायचे नाहीत. शिस्त योग्यच आहे, पण तिचा अर्थ असा की दर काही वर्षांनी तुमचं अख्खं गणगोत मागे राहतं. सोबत येतात ते फक्त ज्यांना तुम्ही कधी बाप्तिस्मा दिला नाही आणि ज्यांचे तुम्ही पाळक नव्हता असे लोक.

वार्षिक स्नेहमेळाव्यांबद्दल मुलं विचारतात. जा, जरूर जा, पण फार अपेक्षा ठेवू नका. पहिल्या तासाभरात कुणाच्या मंडळीत किती कुटुंबं याची मोजणी सुरू होते. माजी विद्यार्थ्यांना येणारी पत्रं मी उघडते, त्यातली देणगीची विनंती वाचते, जमेल ते पाठवते. लायब्ररी माजी विद्यार्थ्यांना पुस्तकं देत असेल तर कार्ड मात्र सोडू नका.

आणि इमारतीवर जीव टाकू नका. अमेरिकेतली गेटिसबर्गची सेमिनरी १८२६ ची, फिलाडेल्फियाची १८६४ ची. २०१७ मध्ये दोन्ही मिळून एक झाल्या. सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत १९७४ मध्ये शास्त्र कसं वाचावं यावरून वाद पेटला, अध्यक्षांना निलंबित केलं गेलं, आणि १९ फेब्रुवारीला बहुतेक विद्यार्थी आणि ५० पैकी ४५ प्राध्यापक बाहेर पडले. जाताना विद्यार्थ्यांनी आवारात आपापल्या नावांचे पांढरे क्रूस रोवले. पुढे त्यांनी उसन्या वर्गांत 'सेमिनेक्स' चालवली, म्हणजे वनवासातली सेमिनरी. १९८३ मध्ये तिचे प्राध्यापक वेगवेगळ्या सेमिनरींत विखुरले. तिथल्या विद्यार्थ्यांनी भेटायला जायचं म्हटलं तर जायचं कुठे?

माझा खरा आदर्श मात्र फिंकेनवाल्ड. हिटलरच्या राज्यात, चर्चवरच्या नाझी वर्चस्वाला विरोध करणाऱ्या कन्फेसिंग चर्चनं स्वतःच्या सेमिनरी काढल्या, त्यातली एक डीट्रिख बोनहोफर हा जर्मन पाळक १९३५ पासून चालवत होता. आधी बाल्टिकच्या किनाऱ्यावर झिंग्स्टला, मग श्टेटिनजवळ फिंकेनवाल्डला. १९३७ च्या सप्टेंबरात गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला टाळं ठोकलं. नोव्हेंबरपर्यंत तिथले २७ पाळक आणि माजी विद्यार्थी अटकेत होते. पण बाहेर पडलेल्यांना बोनहोफरची परिपत्रकं जातच राहिली. कोण कुठे आहे, कुणाला अटक झाली, रोजच्या मननासाठी कोणता उतारा घ्यायचा. आणि युद्ध सुरू झाल्यावर, जे कामी आले त्यांची नावं. फिंकेनवाल्डात एक साधा नियम होता: गैरहजर बंधूबद्दल बोलायचं नाही. बोलणं झालंच तर नंतर त्याला जाऊन सांगायचं की तुझ्याबद्दल बोललो.

हा नियम आम्ही मोडला.

क्षमेचं वचन मला फोनवर म्हणणारा तो मित्र तिसऱ्या मंडळीत असताना सेवा सोडून बाहेर पडला. कारणं त्याची आहेत, त्यानं सांगावीत. आता तो शाळेत गणित शिकवतो. सुरुवातीला सोमवारी यायचा. पण आमचं सगळं बोलणं येत्या रविवारचं, आणि त्याला रविवार उरला नव्हता. आपला वाचनाचा वाटा वाचायचा आणि गप्प बसायचा. मग वाचायचाही नाही, नुसता ऐकत असायचा. मग येईनासा झाला. आम्ही काय केलं? "त्याला वेळ देऊया" म्हणालो. आणि तो नसताना त्याच्याबद्दल बोललो. काळजीनंच बोललो, प्रार्थनेच्या नावाखालीही बोललो. वर्ष उलटून दोन महिने झाले तरी त्याला एकानंही फोन केला नव्हता. मीही नाही. ज्याला मी त्या रात्री बिशपच्या आणि आईच्याही आधी फोन केला होता, त्याला. एका सोमवारी आमच्यातली एक जण म्हणाली, "फिंकेनवाल्डचा नियम आठवतो का कुणाला?" पलीकडे सहा फोन चालू होते आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मी पत्र लिहिलं, हातानं. फोन करायची हिंमत नव्हती. तुझ्याबद्दल आम्ही बोललो, काय काय बोललो, आणि तुझ्याशी बोललो नाही, एवढंच लिहिलं. तीन मसुदे फाडले, कारण प्रत्येकात दुसऱ्या पानापर्यंत मी स्वतःची बाजू मांडायला लागले होते. आठवड्याभरानं त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाला, "पाकिटावर नाव तरी बरोबर लिहिलंस."

मग बराच वेळ तो बोलला, आणि ते गोड नव्हतं. पाळक असताना मी तुमचा भाऊ होतो आणि नंतर तुमचा प्रार्थनाविषय झालो, असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "क्षमेचं वचन ऐकायचंय का?" असं त्यानं या वेळी विचारलं नाही, आणि मी मागितलंही नाही. दोन सोमवार तो आला नाही. तिसऱ्या सोमवारी आला.

तेव्हा लूकचं वर्ष चालू होतं; दहा कुष्ठरोग्यांचा उतारा आला होता. दहा जण बरे होतात, एक परत येऊन येशूच्या पाया पडतो, "मग नऊ जण कुठे आहेत?" असं येशू विचारतो. आम्ही सगळे कृतज्ञतेच्या वाटेनं निघालो होतो. सातही उपदेश आधीच ऐकल्यासारखे वाटत होते. त्यानं आपलं वचन वाचलं आणि म्हणाला, "मला एक कळलं नाही. चौदावं वचन परत बघा. जाऊन याजकांना दाखवा, असं सांगितलंय त्यांना. नऊ जण सांगितलं तेच करत होते. वाटेतून मागे फिरायला कुणी सांगितलं होतं?"

कुणी काही बोललं नाही. मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला, एकापेक्षा जास्त फोनवरून.