साठ किलोंची ऑर्डर

मार्चमध्ये मसाल्याची बॅच लागली की आमच्या संस्थेतला शिपाईसुद्धा तोंडाला रुमाल बांधून फिरतो. खाली शेडमध्ये मिरच्या भाजल्या जात असतात आणि वर ऑफिसात शिंका. मी आरसेटीत शिकवते. आरसेटी म्हणजे बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. शिकणं, राहणं, जेवणं सगळं फुकट. याची सुरुवात 1982 साली कर्नाटकात उजिरेला झाली, धर्मस्थळच्या ट्रस्टने दोन बँकांना बरोबर घेऊन. नंतर तोच नमुना देशभर गेला.

पापड-लोणचं-मसाला हा आमचा दहा दिवसांचा कोर्स. खरं सांगायचं तर कोल्हापूरकडच्या बायांना चटणी, म्हणजे तिकडचा कांदा-लसूण मसाला, शिकवायला जाणं हा आगाऊपणाच. रंगाला ब्याडगी किती, तिखटाला लवंगी किती, संकेश्वरी कुठे घ्यायची हे त्याच मला सांगतात. माझ्या वाट्याला उरलेलं येतं: दुकानदाराशी कसं बोलायचं, भाव कसा सांगायचा, उधारी कशी मागायची. वेळापत्रकात त्याला ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात आणि तो तास नेमका जेवणानंतर असतो. पडद्यावर ‘प्रभावी संवादाची सूत्रे’ उमटली की मागच्या दोन रांगा डुलायला लागतात. त्यांना मी दोष देत नाही.

डुलत नाहीत ते रिंग टाकायच्या खेळात. जमिनीवर खुंटी, समोर अंतराच्या रेघा, जितकं लांब उभं राहाल तितके गुण जास्त. कुठे उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. हा खेळ हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या प्रयोगांतून आमच्यापर्यंत आला. 1960च्या दशकात त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादला आणून असंच प्रशिक्षण दिलं होतं. जो ना अगदी जवळ ना अगदी लांब उभा राहतो, अंदाज घेऊन सरकतो, त्याच्यात उद्योजकाचे गुण असतात असं या विचारात धरलेलं आहे. चार रिंगांवरून माणूस कळतो असं मला वाटत नाही, पण बोलायला विषय मिळतो.

त्या बॅचमध्ये एक पोरगी पहिल्याच फेरीला शेवटच्या रेघेवर जाऊन उभी राहिली. मेडिकलच्या दुकानात पाच वर्षं काउंटर सांभाळलेली, बोलायला पटाईत. चारही रिंगा चुकल्या, तरी टाळ्या तिलाच. तिच्यामागे होती ती पन्नाशीकडे झुकलेली एक बाई. सगळ्या तिला आक्का म्हणत. आक्का खुंटीला नाक लागेल इतक्या जवळून टाकायची, रिंग बसली की एक पाऊल मागे. बाजारपाहणीसाठी मी या दोघींची जोडी लावली.

बाजारपाहणी म्हणजे तालुक्याच्या पेठेत जायचं, पाच-सहा दुकानं फिरायची, कुठला मसाला खपतो, कुठल्या भावाला, पाकीट केवढं, मार्जिन किती, एवढं विचारून यायचं. वर्गात केलेल्या चटणीचा नमुना दाखवायला हरकत नाही, पण विकायचं काही नाही. एकीकडेही अन्नपरवाना नसतो, पाकिटावर छापायला नंबर नसतो. हे मी निघताना दोनदा सांगते.

दुपारी सगळ्या परतल्या. एकेकीने वही उघडून भाव वाचले. मेडिकलवालीची पाळी आली तेव्हा तिने पर्समधून दोन हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. “मॅडम, साठ किलोची ऑर्डर. आठ दिवसांत द्यायची. ॲडव्हान्सपण घेतला.” वर्ग उठून टाळ्या वाजवू लागला. लग्नसराई तोंडावर, ते किराणा दुकान आचाऱ्यांना माल पुरवणारं. नमुना चाखून मालकाने विचारलं, साठ किलो जमतील का? ती म्हणाली, जमतील की. भाव विचारला, तर म्हणाली चारशे.

मी फळ्यावर हिशेब मांडायला घेतला. मिरची, खोबरं, कांदा, लसूण, तीळ, धणे, गरम मसाला, तेल, कांडप, पाकीट, लेबल. बाया आकडे सांगत होत्या, मी लिहीत होते. बेरीज चारशे तीसवर गेली आणि त्यात तिची मजुरी धरलेली नव्हती. कुणीतरी म्हणालं, मार्चात कांडपाला दोन-दोन दिवस नंबर लागत नाही, साठ किलो कुटणार कोण? टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

“मग आता?” ती म्हणाली. “फोन करून सांगते, मिरची मिळत नाही म्हणून.”

मी म्हटलं, मार्चात कोल्हापूरकडे मिरची मिळत नाही हे त्या माणसाला सांगणार? “मग आई आजारी आहे म्हणते.” यावर आक्का पहिल्यांदा बोलली. “हाय ते सांग की पोरी. आणि फोनवर नको, समोर जाऊन सांग.”

तासाभरात आम्ही तिघी त्या दुकानात होतो. मी मुद्दाम बाजूला, डाळींच्या पोत्यांपाशी उभी राहिले. मालक कुणाला तरी तांदूळ तोलून देत होता.

“शेठ, सकाळी मी साठ किलो म्हणाले. ते मला जमणार नाही. माझ्याकडे अजून परवाना नाही. परवाना आला की पाच किलो देईन. आणि भावपण चुकला. चारशेत मला परवडत नाही.”

मालक काही बोललाच नाही. तांदूळ तोलला, पिशवीत ओतला, गाठ मारली, पैसे मोजून गल्ल्यात टाकले. एवढ्या वेळात पोरीच्या तोंडावर तीन-चार वाक्यं येऊन गेली असतील. तिने तोंड उघडलंही, “म्हणजे कसं झालं शेठ...” आणि आक्काने तिचं कोपर दाबलं. वर्गात मी हे कितीदा सांगते, की आपलं म्हणून झालं की थांबा, समोरच्याला विचार करू द्या. पण बोलक्या माणसाला ते शिकवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात कोपराशी असावा लागतो.

“मग सकाळी कशाला हो म्हणालीस?”

“ऑर्डर मिळाली म्हणून हुरळले.”

“हुरळली मेंढी,” मालक म्हणाला. पुढची म्हण त्याने गिळली, पण तो हसला. हसला तरी राग गेला नव्हता. त्याने एका आचाऱ्याला शब्द देऊन ठेवला होता, ते त्याने चांगलं सुनावलं. तिने ऐकून घेतलं.

तेवढ्यात आक्काने वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे कुठल्याशा घरगुती मसाल्याची पाकिटं धूळ खात पडली होती. “ही कवापासनं हाईत?”

झालं. मालकाला बहुधा कुणी हे विचारलंच नव्हतं. त्याने गिऱ्हाईक नोकराकडे सोपवलं आणि बोलत सुटला. पहिली खेप उत्तम, लोक मागून नेत. दुसऱ्या खेपेला मीठ कमी. तिसरीला खोबऱ्याचा खवट वास. गिऱ्हाइकांनी पाकिटं परत आणली, याने पदरचे पैसे दिले. करणाऱ्या बाईला फोन केला तर ती उचलेना. “माल बिघडतो, बाई. त्याचं काय नाही. फोन उचलायचा की!” आक्का मध्येमध्ये एवढंच विचारत होती: पाकीट केवढं खपतं? परत किती येतं? पावसाळ्यात काय होतं? लोक आधी रंग बघतात का वास? माझ्या छापील प्रश्नावलीत यातला एकच प्रश्न होता.

मग बोलणी झाली. पाव किलोची वीस पाकिटं, किलोला चारशे ऐंशी. दोन महिन्यांत न खपलेलं पाकीट बदलून द्यायचं. मालक म्हणाला, विकलं की पैसे. मेडिकलवाली इथे पुन्हा रंगात आली. अर्धे माल उतरवताना, अर्धे पुढची खेप आणीन तेव्हा, यावर ती अडून बसली आणि तेवढं मिळवलं. ॲडव्हान्स परत द्यायची वेळ आली तेव्हा कळलं की दोन हजारांतले तीनशे तिने वाटेत पाउच घेण्यात घालवलेत. वर्गात टेबलावर ठेवलेल्या नोटा मोजायचं आम्हाला सुचलं नव्हतं. तिने तेही सांगितलं. “तीनशे माझ्याकडं राहिले, पहिल्या बिलात कापा.” मालकाने वही काढली, नाव विचारलं आणि तीनशे लिहून ठेवले. परतीच्या वाटेवर ती गप्प होती. आक्का मात्र कधी नव्हे ती बोलत होती, खवट खोबऱ्याबद्दल.

कोर्सनंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं हे आमच्या कामातच येतं, त्यामुळे पुढचं मला ठाऊक आहे. मेडिकलवालीने परवाना काढला, वीस पाकिटं दिली, आता ती बऱ्याच दुकानांना माल देते. उधारी थकते. तिला मी 2006 चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा सांगितला: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या उत्पादकाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या व्याजदराच्या, म्हणजे बँक रेटच्या, तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ती म्हणाली, “कायदा दाखवला तर पैसे येतील मॅडम, फळीवरची जागा जाईल.” ती दर शनिवारी स्वतः जाऊन दुकानात उभी राहते. नुसती उभी. मालक गिऱ्हाईक उरकेपर्यंत बोलत नाही.

आक्काने पाकिटं काढलीच नाहीत. भेटीला गेले तेव्हा मी कारण विचारलं, तर म्हणाली, “त्या शेठचं ऐकलं तवाच ठरिवलं. परत आलेला माल मला झेपायचा न्हाई.” फेब्रुवारी ते मे ती घरोघरच्या चटण्या करून देते. मिरची-मसाला ज्याचा त्याचा, हिची किलोमागे मजुरी, आणि पैसे डबा हातात देतानाच. माझ्या अहवालात ‘उद्योग सुरू केला का’ या रकान्यात तिच्या नावापुढे मी ‘होय’ लिहिलं.