आमची वाटचाल : बाल्कनीतल्या एका तडकलेल्या क्रॅशपासून

आमचं वर्कशॉप भोसरीत आहे. तिथे आम्ही ड्रमसेटच्या सिंबल, म्हणजे काठीने वाजवायच्या काशाच्या थाळ्या, दुरुस्त करतो. वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या शेडमधला एक गाळा. पण काम सुरू झालं ते घरी, चिंचवडला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. पहिल्याच दुपारी खालच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "भांडी घासताय की फोडताय?"

मी टर्नर. आयटीआय केल्यापासून एमआयडीसीत लेथवरच होतो. भाचा ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. त्याची सोळा इंची क्रॅश (जोरात झणकारणारी सिंबल) कडेला तडकली आणि तो ती पिशवीत घालून माझ्याकडे आला. "मामा, तू एवढं लोखंड कापतोस, ही वाचव ना." लोखंड कापणारा कासंही कापू शकतो, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

सिंबलची चीर दिसते तेवढीच कधी नसते. मार्करची शाई लावून फडक्याने पुसली की चिरेत शाई राहते. मग भिंग धरायचं आणि चीर नेमकी कुठे संपते ते शोधायचं. त्या टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, खाली लाकडाचा ठोकळा, ड्रिल अगदी सावकाश. छिद्र गोल असल्यामुळे ताण एका टोकावर न साठता पसरतो आणि चीर थांबते. नंतर चिरेभोवतीचा भाग चंद्रकोरीसारखा कापायचा, कानशीने कडा मारायच्या, वर पॉलिश पेपर. क्रॅश पुढे वर्षभर वाजली. आवाज थोडा कोरडा झाला होता, पण भाच्याला तो जास्त आवडला.

त्याच्या ओळखीने दुसरं काम आलं आणि तिथे मी तोंडावर आपटलो. वीस इंची राइड (ताल धरायची मोठी सिंबल) अठराची करायची होती. ग्राइंडर लावला आणि एका दमात गोल फिरवला. कडेला निळी-जांभळी झाक आली. माझ्यातला टर्नर म्हणाला, ठीक आहे, थंड होईल. थंड झाली, पण नाद गेला. काठी मारली की नुसतं 'टण', मागे शेपूटच नाही. तिसऱ्या कार्यक्रमात ती त्याच पट्ट्यात तडकली. त्या वादकाचे पैसे मी चार हप्त्यांत फेडले. ती राइड अजून गाळ्याच्या दाराशी टांगलेली आहे, नवीन पोरगा कामाला आला की आधी तीच वाजवायला लावतो.

तेव्हा कुठे धातूचा अभ्यास केला. चांगल्या सिंबलला बी२० म्हणतात : ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. म्हणजे आपलं कासंच, आजी ज्या वाटीने तळपाय घासायची त्याच घराण्यातलं. बी८ मध्ये कथील ८ टक्के, आणि स्वस्तातल्या सेटमध्ये साधा पितळी पत्रा. माझी खरी गंमत झाली ती तापवण्यात. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. कासं लाल करून बुडवलं की नरम पडतं आणि हळूहळू निवू दिलं तर ठिसूळ होतं. अनेक वर्षांची सवय उलटी करावी लागली. आता कापताना एकेक वीत कापतो, हात लावून बघतो, पाण्याचं फडकं फिरवतो. मास्क सोडत नाही, ती भुकटी छातीत जाते.

ठोकायचं शिकायला कसबा पेठेत तांबट आळीत गेलो. तिथे तांब्याच्या हंड्यावर मठार काम चालतं तसं सिंबलवर करून घेऊ, असा माझा बेत. एका म्हाताऱ्या तांबटकाकांनी नखाने टिचकी मारली, कानाशी धरली आणि परत दिली. "मास्तर, हे तांबं नाही. तांबं ऐकतं, हे रागावतं." तरी हातोडी कशी धरायची ते त्यांनी दाखवलं : मनगट सैल, वजन हातोडीचं, घाव मोजून. घरी जुन्या तुटक्या सिंबलवर सहा महिने ठोकत बसलो. दर फेरीनंतर थांबून वाजवायचं, नाहीतर कधी बिघडलं ते कळतच नाही.

पातळ करण्याचं काम लेथचं. साध्या लेथमध्ये वीस इंची थाळी बसत नाही, बेडला लागते. म्हणून जुनी मोटर, लाकडी पाठ आणि पट्टा लावून आम्हीच मशीन बनवलं. टूल लांब दांड्याचं, हातात धरायचं. लोकांना वाटतं पातळ केली की आवाज वर चढतो. उलट तो खाली उतरतो. व्यास कमी केला तर मात्र चढतो. परवा एक राइड २,४८० ग्रॅमची आली, २,३१० वर थांबलो. १७० ग्रॅम सोनेरी कीस डब्यात. तो परत चिकटवता येत नाही, म्हणून आम्ही दर वीस-तीस ग्रॅमला वादकाला बोलावतो. वेळ जातो, पण त्याला इलाज नाही.

रिव्हेट, म्हणजे सळसळीसाठी सिंबलला छिद्र पाडून सैल अडकवलेले खिळे, ते बसवायला येणाऱ्यांना तर आधी घरीच पाठवतो. बाजारात मण्यांची साखळी मिळते, ती नटाला बांधून सिंबलवर लोळवा. सळसळ आवडली आणि महिनाभराने अजूनही आवडत असेल, तर या. बऱ्याच जणांचं काम साखळीतच भागतं. आवाज फार सांडतो म्हणणाऱ्याला खालून टेपचा तुकडा लावायला सांगतो. खर्च दहा रुपये, आमची कमाई शून्य. भाचा यावर चिडतो. पण एकदा छिद्र पाडलं की कंपनीची वॉरंटीही जाते, आणि शिव्या मला खायच्या असतात. एका थाळीला सहा रिव्हेट मागणारे असतात, आम्ही तीनच्या वर सहसा जात नाही. चौथ्यापासून नाद गुदमरतो.

पितळी पत्र्याची सिंबल घेत नाही. ठोका, घासा, व्हिनेगर-मिठात काळी करा, ती पत्राच राहते. गणपतीच्या आधी पथकांच्या झांजा येतात, त्यांच्या फक्त कडा मारून देतो, हात कापतात म्हणून.

सध्या मशीनचा पट्टा बदलायचाय, त्यामुळे पातळ करायची कामं पंधरा दिवस बंद आहेत. चिरा आणि रिव्हेट चालू. येताना काठ्या तुमच्याच आणा, आमच्याकडच्या जाड आहेत, त्यांच्यावर आवाज वेगळा लागतो.