दमायच्या आधी थांबायचं

माझा आजार कळला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं का हो?" हो म्हटलं की चेहरे गंभीर होतात, "देवाची कृपा" म्हणून होतं आणि विषय संपतो. आयसीयूतून बाहेर आलेलं माणूस म्हणजे बरं झालेलं माणूस, असा एकूण समज. मी आयसीयूतून बाहेर आले तेव्हा मला नाकावर बसलेली माशी हाकलता येत नव्हती.

मी पुण्यात धायरीला ब्लाउज शिवते. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली, पुणे भागात दोनशेहून जास्त रुग्ण झाले, त्यातली मी एक. आधी पोट बिघडलं. ते बरं झालं म्हणेपर्यंत तळपायांना मुंग्या. मग जिना चढताना गुडघे मोडायला लागले, मग हात गेले, मग गिळणं, मग श्वास. बऱ्याच जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो, आणि त्याच्याशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी तयार करतं त्या चुकून आपल्याच नसांवर उलटतात. डॉक्टर म्हणाले, वायरीवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं झालंय. काहींची आतली तारही खराब होते, त्यांना जास्त वेळ लागतो, कारण नस पुन्हा वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. माझं थोडं हे, थोडं ते. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, दिलं, वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. त्या बाटल्यांचा हिशेब अहोंनी मला अजून नीट सांगितलेला नाही.

मग रिहॅब, म्हणजे पुनर्वसनाचा वॉर्ड.

पहिले काही दिवस तिथे मी काहीच करत नव्हते, माझ्यावर करत होते. दर दोन तासांनी मावशी आणि सिस्टर मिळून कूस बदलायच्या, टाचांखाली उशी सरकवायच्या. पाय लुळे पडून पंजे खाली वळू नयेत म्हणून प्लास्टिकचे स्प्लिंट बांधायच्या. (त्यांच्या वेल्क्रोची शिलाई इतकी वाईट होती की बोटं चालत असती तर मी तिथल्या तिथे उसवून पुन्हा घातली असती.) गळ्यात नळी होती. तिला आधी थोडा वेळ, मग जास्त वेळ टोपण लावून ठेवायचे, म्हणजे श्वास नाकातोंडाने घ्यायची सवय व्हावी. टोपण लावल्यावर आवाज फुटतो. माझं पहिलं वाक्य ऐकायला अहो आणि लेक दोघंही वाकून उभे होते, आणि मी विचारलं, "गाळ्याचं भाडं दिलंत का?"

टिल्ट टेबलबद्दल मात्र सविस्तर सांगते. एका पलंगावर छाती, कंबर आणि गुडघ्यांना पट्टे लावून आवळतात आणि मग तो पलंगच हळूहळू उभा करतात. आधी तीस अंश. ऐकायला काहीच वाटत नाही. पण इतके दिवस आडवं राहिलेल्या माणसाचं रक्त सरळ पायांकडे धावतं, आणि जीबीएसमध्ये बीपी सांभाळणाऱ्या नसाही बिघडलेल्या असतात. कानात शिट्टी वाजायला लागली, समोरची भिंत पिवळी दिसायला लागली. फिजिओवाली मुलगी, मूळची लातूरची, एक डोळा बीपीच्या मशीनवर ठेवून माझ्याशी गप्पा मारत होती. "काकू, पैठणीच्या ब्लाउजला अस्तर कुठलं घालता?" मी "सुती" म्हणेपर्यंत तिने पलंग खाली घेतलासुद्धा. मी उत्तर द्यायला किती वेळ लावते यावरून तिला माझा अंदाज यायचा, हे मला पुष्कळ नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पोटाला रुंद पट्टा, पायांत घट्ट मोजे आणि पुन्हा तीस अंश. मग चाळीस. साठला पोचले त्या दिवशी खिडकीतून खालचं पार्किंग दिसलं आणि आमची स्कूटर सावलीत लावलेली नाही हेही दिसलं.

जिममध्ये आम्ही सगळे एकत्र असायचो. अर्धांगवायू झालेले एक आजोबा. स्लॅबवरून पडून मणक्याला मार लागलेला एक पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. आणि मी. भेटायला येणारे प्रत्येकाला एकच सांगायचे, "जिद्द सोडू नका." आजोबांना जिद्द, पोराला जिद्द, मला जिद्द. आमची कामं मात्र अगदी वेगवेगळी होती. आजोबांचा बिघाड मेंदूत. त्यांना तोच पेला उचल, ठेव, उचल, ठेव, असं शेकडो वेळा करायला लावायचे, कारण मेंदूचा उरलेला भाग ते काम पुनःपुन्हा करूनच शिकतो. त्या पोराच्या कमरेखाली संवेदनाच नव्हती. तो व्हीलचेअरवर बसल्या बसल्या ठरावीक वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला उचलायला शिकत होता, बुडाला जखमा होऊ नयेत म्हणून. त्याच्या लघवीचंही घड्याळ लावलेलं असायचं. आणि मला सांगितलं होतं, दमायच्या आधी थांबायचं.

हे पचवणं फार अवघड गेलं, मला आणि माझ्याहून जास्त माझ्या माहेरच्यांना. साताऱ्याहून मामा आले ते स्पंजचा लाल बॉल घेऊनच. "दिवसभर दाबत राहायचं, पोरी. दुखलं तरी सोडायचा नाही." लातूरच्या मुलीने तो बॉल हसत हसत काढून घेतला आणि मामांना बाहेर बाकावर बसवून समजावलं. माझ्या स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या नसा थोड्याच उरल्या आहेत, सगळा भार त्यांच्यावर आहे. त्यांना जास्त राबवलं तर ताकद वाढायच्या ऐवजी कमी होते. तिची कसोटी सोपी होती. आज केलेल्या व्यायामाने उद्या सकाळी हात आजच्यापेक्षा जड वाटला, तर आज जास्त झालं. मामांना ते पटलं नाही. "आमच्या वेळी" असं काहीतरी पुटपुटत ते चहाला गेले. मला विचाराल तर जिद्द लोकांना सांगायला सोपी असते, कारण ती ज्याची त्याने आणायची असते. कूस बदलायला यायचं तर रात्री दोनला उठावं लागतं.

नसा सुधारतात त्या बहुतेक वेळा गेल्या त्याच्या उलट क्रमाने. आधी श्वास, मान, खांदे, कंबर. सगळ्यात शेवटी हातापायांची बोटं. म्हणजे शिंप्याच्या कामाचे तेवढेच अवयव शेवटच्या रांगेत. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवतात तिथे, आधी कणकेसारखी मऊ पुट्टी मळायची, मग कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, मग फळीवर शिवलेली मोठी बटणं काजातून काढायची. ती काजं मी बघितली आणि विचारलं, "कोणी केलीत ही?" पुढच्या आठवड्यात मॅडमनी माझ्यासाठी हुकांची पट्टी आणली. ब्लाउजचं एक हूक लावायला अंगठा आणि तर्जनीने ते चिमटीत धरून थोडं पुढे ढकलायचं असतं आणि मग मागे ओढायचं असतं. उभ्या आयुष्यात मी हजारो हूक शिवले, पण बोट तिथे नेमकं काय करतं हे पाहिलं नव्हतं. ढकलणं यायचं, ओढणं यायचं नाही.

तिथे गुणही देतात. जेवण, अंघोळ, केस विंचरणं, संडास, जिना, आठवण, असे १८ विषय, प्रत्येकी १ ते ७ गुण, पैकीच्या पैकी १२६. ७ म्हणजे कोणाच्याही, कशाच्याही मदतीशिवाय. जेवणात मी बरेच दिवस ६ वर अडकले, कारण चमच्याला जाड रबरी दांडा लावलेला होता आणि साधन वापरलं की सातवा गुण मिळत नाही. लेकीच्या दहावीत मी टक्क्यांवरून तिला बोलले होते, त्याचं तिने पुरेपूर उट्टं काढलं.

आता रागाची गोष्ट. विमा कंपनीने आयसीयूचं बिल बऱ्यापैकी दिलं. रिहॅबचं नाकारलं. पॉलिसीत 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन' यांचा खर्च न देण्याचं एक कलम असतं, जवळपास सगळ्या पॉलिसींत असतं, आणि ते आजारी पडेपर्यंत कोणी वाचत नाही. म्हणजे मशीनने श्वास दिला तर उपचार, आणि तोच श्वास मला घ्यायला शिकवला तर आराम. पत्र वाचून अहो शांत राहिले, मी राहिले नाही. तुमच्या घरात कोणावर अशी वेळ आलीच तर दाखल होतानाच डॉक्टरांना विचारा, कागदावर कोणते उपचार चालू आहेत ते नीट लिहायला सांगा, आणि पैशांचं आधीच बघून ठेवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे, हे मला घरी आल्यावर समजलं. माहिती वेळेवर मिळत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार.

घरी आले ती वॉकर आणि स्प्लिंट घेऊन. वॉकर आता माळ्यावर आहे. उजवा पंजा अजून नीट उचलत नाही, म्हणून मशीनचं पायडल डाव्या पायाने मारते. टाका सरळ येतो. सुईत दोरा लेक ओवून देते, हातशिलाई शेजारच्या वहिनींकडे दिली आहे. दुपारी दोन ते चार गाळ्याचं शटर खाली असतं, तेव्हा वाजवू नये. दिवाळीचे ब्लाउज घेते आहे, पण नवरात्राच्या आत आणून द्या. अर्जंट घेत नाही, भाव दुप्पट दिला तरी.