एजंटाला कोड दिसत नाही

आज पणजीत ऑफिसात एआय एजंटाला (आपल्या सांगण्यावरून कामं करणाऱ्या प्रोग्रामला) गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलावरचे लेख मागितले. त्याने या आठवड्याचे ताजे लेख आणून ठेवले. जुने लेख शोधणाऱ्या टूलच्या (एजंट वापरतो त्या छोट्या प्रोग्रामच्या) वर्णनात एवढंच होतं: ‘लेख आणते.’

शेजारचा मुलगा म्हणाला, “ताई, कोड वाचला की कळतंच ना!”

माणसाला कळतं. एजंटामागच्या एआय मॉडेलपुढे फक्त टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची तेवढं असतं. त्यावरूनच ते निवडतं.

मग टूलचं वर्णन नव्याने लिहिलं: ‘विषय व वर्षावरून जुने लेख शोधते. ताज्या लेखांसाठी वापरू नये. काही न सापडल्यास रिकामी यादी देते.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते नसेल तर एजंट रिकाम्या यादीला बिघाड समजून तेच पुन्हा विचारत बसू शकतो, नाहीतर मनानेच उत्तर रचू शकतो.

तुमच्याकडे ही वर्णनं कोण लिहितं?